शेवटचं पान आधी

चेरीताल, जबलपूर
७ जुलै २०२४, रविवार

विष्णू,

अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. लतिकाचे गुडघे सोडले तर घरात सगळं ठीक आहे. फोन केला असता, पण तू तो उचलत नाहीस आणि कुंदा उचलते ती म्हणते, "दादा, हे बाहेर गेलेत." इतका बाहेर जाणारा माणूस तू कधीच नव्हतास. तुम्ही दोघं नागपूरला गेल्यापासून तू घरात कमी आणि बाहेरच जास्त असतोस असं दिसतं.

लिहायला कारण झालं प्रणोतीचं. माझी नात, तू गेलास तेव्हा तीन वर्षांची होती, आता नववीत आहे. रविवारी सकाळी मी मराठी मंडळाच्या हॉलमध्ये मुलांना मराठी शिकवतो. सहा मुलं येतात, त्यांत ही एक. मराठी समजतं सगळ्यांना, बोलायची वेळ आली की हिंदीत घसरतात. आज निबंध तपासले आणि माझं डोकं फिरलं. सहाच्या सहा निबंधांचा शेवट एकच: 'अशा प्रकारे झाडे आपले मित्र आहेत.'

मी प्रथमेशला विचारलं, "हे तर तू पहिल्याच ओळीत लिहिलंय. मग मधली दोन पानं काहून लिहिली?"

तो म्हणाला, "आजोबा, एंडिंग तो चाहिए ना."

अर्धा तास समजावलं. पान संपलं म्हणून थांबणं हा शेवट झाला, निष्कर्ष नव्हे. निष्कर्ष मधल्या पानांतून निघाला पाहिजे. ती पानं फाडून टाकली तर तो उभाच राहता कामा नये. आणि फाडूनही तो तसाच उभा राहत असेल, तर तो तुम्ही येताना घरूनच खिशात घालून आणला होता. मुलांनी माना डोलावल्या. त्यांना समोसे दिसत होते.

घरी आलो तर प्रणोती विज्ञानाची प्रॅक्टिकल फाइल भरत बसली होती. पाणी किती अंशांवर उकळतं, हा प्रयोग. तक्त्यात शंभर, शंभर, शंभर. चष्मा लावून पाहिलं तर शंभराच्या खाली खोडलेल्या पेन्सिलीचा आकडा दिसत होता. अठ्ठ्याण्णव पूर्णांक पाच.

"हे काहून खोडलं?"

"अरे आजोबा, कन्क्लूजन मॅमने पहले ही लिखवा दिया था. हंड्रेड. रीडिंग तो बाद में भरते हैं. सगळेच असं करून राहिले."

विष्णू, जबलपूर समुद्रापासून चारशे मीटर उंचावर आहे. इथे पाणी शंभराच्या आतच उकळतं. पोरीचं थर्मामीटर बरोबर होतं, तिचे डोळे बरोबर होते, आणि तिने आपल्या हाताने खरी गोष्ट खोडून टाकली, कारण शेवटची ओळ आधीच लिहून झाली होती! मी इतका ओरडलो की ती रडली. लतिका स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "या बाबतीत तुम्ही कोणावर ओरडावं असं मला वाटत नाही."

मग ती आत गेली. मी लिहायला बसलो. तुझ्या उत्तराची अपेक्षा नाही.

आहे. खोटं कशाला लिहू?

अंबरीश

*

२१ जुलै २०२४

विष्णू,

दोन आठवडे झाले. कुंदाला फोन केला. म्हणाली, "वाचलं नं त्यांनी. वाचून ड्रॉवरमध्ये ठेवलं." मी विचारलं, काही बोलला का? तर म्हणे, "चहा मागितला."

ठीक आहे. तू बोलत नाहीस तर मी बोलतो. तो विषय अकरा वर्षं आपल्या दोघांमध्ये पडलाय, आणि मला त्याचा अक्षरशः कंटाळा आलाय. वर्षातून एक भाऊबीज, तीही माझ्या वाट्याला येत नाही. कुंदा राखी पोस्टाने पाठवते. मीच तुला कारखान्यातून पहिल्यांदा घरी आणलं होतं, माझ्याच हाताने तुमचं लग्न जमवलं, आणि आज बहिणीच्या दारात जायचं तर मला तुझी परवानगी लागते.

काय केलं होतं मी? तीन एप्रिल २०१३ ला तुझ्या सेक्शनमध्ये पत्रा दाबायची प्रेस खाली आली आणि तुझ्या हाताखालच्या शालिग्रामच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. चौकशी समितीत तिघं होतो. अध्यक्ष, दुसऱ्या विभागाचे पटेरिया साहेब, आणि लिहिणारा मी. मी आपण होऊन सांगितलं होतं की सुपरवायझर माझ्या बहिणीचा नवरा आहे, मला वगळा. अध्यक्ष म्हणाले, "तब तो और अच्छा है. कोई ये नहीं कहेगा कि पक्षपात हुआ." यात माझा काय दोष?

आणि निष्कर्ष काय हवेतून काढला होता? तीन पायऱ्या होत्या. मशीन आपोआप चालत नाही. म्हणजे कुणीतरी बटण दाबलं. शालिग्रामचे दोन्ही हात आत होते आणि त्याच्याखेरीज तिथे तू एकटाच होतास. यातून जे निघतं ते निघतं. तुझ्या जागी माझा सख्खा भाऊ असता तरी मी तेच लिहिलं असतं. 'पर्यवेक्षकाच्या हलगर्जीमुळे.' तुझं प्रमोशन थांबलं, तू मुदतीआधी नोकरी सोडलीस, गाव सोडलंस. मला काय आनंद झाला होता?

पण तर्क म्हणजे तर्क. पायऱ्या बरोबर असतील तर माणूस जिथे पोचतो तिथे त्याला उभं राहावंच लागतं, आवडो की न आवडो. हेच मी त्या मुलांना शिकवतो. रागावायचं असेल तर पायरी दाखव आणि रागाव. नुसता ड्रॉवर काय उघडतोस?

अंबरीश

*

११ ऑगस्ट २०२४

विष्णू,

काल कुंदाचं पाकीट आलं. राखीचं. दरवर्षी चपटं असतं, या वर्षी जाड होतं. राखीखाली कागद, चार घड्या घातलेला. मला वाटलं, अखेर तू लिहिलंस! उभ्याउभ्याच उघडला. माझ्याच रिपोर्टाच्या शेवटच्या पानाची झेरॉक्स. मागची बाजूही पाहिली, एखादा शब्द असेल म्हणून. काही नाही. फक्त पटेरिया साहेबांच्या सहीखाली तारीख, आणि तिच्याभोवती लाल पेनचा गोल.

९-४-१३.

मी कागद भिरकावला. लतिकाने उचलला, पाहिला, राखीसोबत देव्हाऱ्यात ठेवला. तिला मी काही बोललो नाही, तुला मात्र बोलतो. हा काय प्रकार आहे? अकरा वर्षं तोंड शिवून बसायचं आणि मग बहिणीच्या राखीत हे गुंडाळून पाठवायचं? सरळ शिव्या दिल्या असत्यास तर बरं वाटलं असतं.

तुला काय वाटतं, मला ती तारीख ठाऊक नाही? रिपोर्ट अठरा एप्रिलला गेला आणि सही नऊची, हे कोणाच्या लक्षात येणार नाही असं मला वाटलं होतं, कारण कोणी पाहत नाही. मी आणि अध्यक्षांनी तारखेची जागा कोरी ठेवली होती, अठरालाच भरली. पटेरिया जुने माणूस, सहीखाली तारीख घातल्याशिवाय त्यांचा हात उचलायचा नाही. त्यांची बदली झाली होती, दहा तारखेला सकाळी ते निघणार होते. अध्यक्ष म्हणाले, "आखिरी पन्ना पहले करा लो. बाकी तो आप लिखते रहिए."

आणि हे काही पहिल्यांदा होत नव्हतं. आमच्याकडे पद्धतच होती. समितीचे तीन लोक एका टेबलाशी पुन्हा जमायचे म्हणजे महिना जायचा. म्हणून शेवटचं पान आधी टाईप करायचं, सह्या घेऊन ठेवायच्या, आणि जबाब जसजसे येतील तसतशी आधीची पानं लावायची. सगळेच करायचे.

हे वाक्य लिहिलं आणि मला प्रणोती आठवली. आज पुरे.

अंबरीश

*

१४ ऑगस्ट २०२४

विष्णू,

मागचं पत्र टाकल्यापासून धड जेवलो नाही. लतिका विचारतही नाही काय झालं म्हणून, त्याचाच जास्त राग येतोय. हे पत्र आता एका बैठकीत संपवतो, नाहीतर पुन्हा स्वतःची बाजू मांडत बसेन.

तुझा जबाब मी बारा एप्रिलला घेतला. सही केलेलं शेवटचं पान तेव्हा माझ्या कपाटात होतं. तू समोर बसलास, पाणीसुद्धा घेतलं नाहीस. म्हणालास, "मशीन मी बंद केली होती. पत्रा अडकला होता तो शालिग्राम काढून राहिला होता. ती आपोआप खाली आली. याआधीही आली होती, मी रजिस्टरमध्ये लिहिलंय." मी लिहून घेतलं. आणि लिहिताना माझ्या डोक्यात काय होतं सांगू? हा काय बोलून राहिला, हे बसणार कुठे, एवढंच. तू खरं बोलतोस की खोटं हा प्रश्नच माझ्यापुढे नव्हता. तुझं बोलणं त्या पानात बसत नव्हतं, आणि ते पान बदलायचं तर पटेरियांना परत बोलवावं लागलं असतं, अध्यक्षांना सांगावं लागलं असतं की आपण चुकलो. मी रिपोर्टात तुझ्या जबाबापुढे लिहिलं, 'बचावाचा दावा, विश्वासार्ह नाही.'

तेरा तारखेला रजिस्टर माझ्या टेबलावर आलं. बावीस मार्चची नोंद, तुझं अक्षर: 'प्रेस बंद करने के बाद अपने आप नीचे आई. जाँच कराएँ.' खाली कुणाची सही नाही, कुणी आलं नाही, कुणी तपासलं नाही. मी ते पान वाचलं. दोनदा वाचलं. आणि रजिस्टर परत पाठवून दिलं, रिपोर्टाला जोडलं नाही.

अजून आहे. अकरा तारखेलाच त्या प्रेसचा क्लच बदलून तिला पुन्हा चालू केलं होतं. जी मशीन बिघडलीच नव्हती तिचा क्लच का बदलला, हे मी कुणाला विचारलं नाही. 'मशीन आपोआप चालत नाही' ही माझी पहिली पायरी होती, आणि तिच्यावर पाय ठेवून कुणी पाहिलंच नव्हतं. दुसरी, तिसरी अगदी पक्की. मागच्या महिन्यात तुला मी ऐटीत लिहिलं की पायरी दाखव. तू ती बारा एप्रिललाच दाखवली होतीस.

सगळ्यात वाईट ते शेवटी लिहितोय. मला तुला बुडवायचं नव्हतं, पण मला दाखवायचं होतं. अंबरीशच्या आड नातं येत नाही, हे साऱ्या कारखान्याने म्हणावं असं मला वाटत होतं. म्हणालेही. कारखान्याच्या एका पार्टीत अध्यक्षांनी माझ्या पाठीवर थाप मारली, आणि मला ती आवडली. तुझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्या रजिस्टरपाशी मी थांबलो असतो असं आता वाटतं. तू माझा होतास म्हणून थांबलो नाही.

तुला रिपोर्टाची प्रत मिळाली त्या संध्याकाळी तू इथे आला होतास. बूटही काढले नाहीस. एकच विचारलंस, "दादा, हे पान कधी लिहिलं?" मी तुला पाऊण तास सांगत बसलो, का लिहिलं. कर्तव्य काय असतं, पुरावा काय असतो, माझा कसा नाइलाज होता. तू सगळं ऐकून घेतलंस आणि निघून गेलास. तू 'का' विचारलंच नव्हतं.

कधी, ते सांगतो. ते पान नऊ एप्रिलला लिहिलं. तुझा जबाब बाराचा. हे एवढं बोलायला मला पाच सेकंद लागले असते.

दादा

*

१ सप्टेंबर २०२४, रविवार

विष्णू,

राखी बांधली. दरवर्षी लतिका बांधून देते, या वेळी प्रणोतीने बांधली. तिने फाइलीत अठ्ठ्याण्णव पूर्णांक पाच परत लिहिलं आणि खाली कारणही लिहिलं. मॅडमने दोन मार्क कापले. पोरगी माझ्यावर चिडून बसली आहे, "आपकी वजह से कटे." मी शाळेत जाऊन भांडणार होतो, तर म्हणते, "रहने दो आजोबा, तुम्ही आणखी कापवाल."

वर्ग आज घेतला नाही. गुरुवारी शहपुऱ्याला गेलो होतो, त्याचंच डोक्यात चाललंय.

शालिग्रामचं तिथे बाजारात बियाण्याचं दुकान आहे. त्याने मला ओळखलं, खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. माणूस इतका साधा की मला पळून जावंसं वाटलं. मी तयारी करून गेलो होतो. त्याला सांगायचं होतं की विष्णूने बटण दाबलं नव्हतं, मशीन बिघडलेली होती, मी लिहिलं ते चूक होतं. मनात धरून होतो की तो चिडेल, रडेल, मला हाकलून देईल. त्याचा राग तर तू पाहिलाच आहेस. तू रोज कुंदाने दिलेला डबा घेऊन त्याला पाहायला दवाखान्यात जायचास, आणि रिपोर्ट आल्यावर एक दिवस त्याने भिंतीकडे तोंड केलं ते केलं. त्यानंतर तू गेला नाहीस. कुंदाने हे मला तेव्हाच सांगितलं होतं. मी म्हणालो होतो, साहजिक आहे.

मी सांगितलं. सगळं, तारखांसकट. तो ऐकत होता, डाव्या हाताने काउंटरवरचे हरभऱ्याचे दाणे गोळा करत होता. मग म्हणाला, "बाबूजी, ये तो मैंने बोला था."

"काय बोला था?"

"अस्पताल में आप खुद आए थे ना, बयान लेने. पंद्रह तारीख थी, मेरी बिटिया का जन्मदिन था. मैंने लिखवाया था कि बाबूजी, मशीन बंद थी. विष्णू जी ने मेरे सामने बंद की थी. अपने आप गिरी."

विष्णू, मला ते आठवत नव्हतं. शपथेवर सांगतो, अजिबात आठवत नव्हतं. घरी येऊन जुनी टिपणवही काढली, तर माझ्याच अक्षरात आहे. शालिग्रामचा जबाब, पंधरा एप्रिल. रिपोर्टात मी त्यातलं एकच वाक्य घेतलं होतं, की त्याचे दोन्ही हात आत होते. तेवढंच बसत होतं.

मी त्याला विचारलं, मग तू विष्णूवर का रागावलास? तुझ्या डोळ्यांदेखत बंद केली होती ना त्याने?

एक गिऱ्हाईक आलं, शालिग्रामने त्याला मटाराचं बी दिलं, पुडी एका हाताने आणि दातांनी बांधली. मग म्हणाला, "फिर रिपोर्ट आई. उसमें तीन-तीन साहब लोगों के दस्तखत थे. लिखा था कि विष्णू जी ने चलाई. मैंने सोचा, इतने पढ़े-लिखे लोग हैं, सब जाँच के लिखा होगा. मैं तो दवा के नशे में था. मुझे ही ठीक से याद नहीं होगा."

अकरा वर्षं हा माणूस स्वतःचे डोळे खोटे ठरवून जगला. त्याने पाहिलेलं खरं त्याने खोडून टाकलं, कारण मी शेवटची ओळ आधीच लिहून ठेवली होती. एका पानाने तुझं नाव गेलं, मित्र गेला, आणि त्याची तर स्वतःची आठवण गेली.

मी कारखान्याला निवेदन लिहिलं आहे, तिथेच त्याच्या दुकानात बसून. उद्या रजिस्टर्ड पोस्टाने जाईल, प्रत सोबत जोडली आहे. त्यात मी काही सिद्ध केलेलं नाही. तीन एप्रिलला काय झालं, नऊला काय झालं, अकरा, बारा, तेरा, पंधरा, अठरा, एवढंच ओळीने लिहिलं आहे, आणि शेवटी, की मी लिहिलेला निष्कर्ष मी मागे घेतो. ते अध्यक्ष आज हयात नाहीत, पटेरिया कुठे आहेत ठाऊक नाही, म्हणून त्यांच्यावर काही ढकललेलं नाही. कुणी दखल घेईल अशी मला आशा नाही. निवृत्त माणसाचा कागद कुठल्या तरी फाइलीत जाऊन पडेल. माझी चौकशी लावली तर लावू देत. शेवटचं पान या वेळी शेवटी लिहिलं, आणि सहीखाली तारीख घातली.

साक्षीदार म्हणून शालिग्रामने सही केली आहे. डाव्या हाताने, त्याला वेळ लागला. मी म्हणालो, नुसतं नाव पुरे. तर म्हणे, "नहीं, तारीख भी डालूँगा."

भाऊबीजेला मी येणार नाही. कुंदाने बोलावलं तरी येणार नाही. तू बोलावलंस तर येईन, आणि नाही बोलावलंस तर आता चिडून पत्र लिहिणार नाही. माझी चिडायची जागा संपली.

एक निरोप आहे, तो तेवढा पोचवतो. मी बसमध्ये चढत होतो, शालिग्राम दुकान तसंच उघडं टाकून मागे स्टँडवर आला होता. खिडकीशी येऊन उभा राहिला. बस सुरू झाली तेव्हा म्हणाला, "विष्णू जी से कह दीजिएगा बाबूजी, मुझे सब ठीक याद था."

दादा